पावण्याचं पथ्य

हौसाक्काच्या पंगतीत कुणी ताटावर हात आडवा धरला, तर ती हातावर वाढायची. हे मी अलंकारिक बोलत नाही. माझ्या डाव्या पंजावर तिने एकदा पळीभर पांढरा रस्सा ओतलेला आहे आणि वर मलाच विचारलं आहे, "हात मधी कशाला घातलास रं?" नवीन जेवणारे वाटी पालथी घालायचे. ती वाटी उचलायची, सरळ करायची, काठोकाठ भरायची आणि पुन्हा जागेवर ठेवायची, जणू वाटी वाऱ्याने पडली होती. 'नको' हा शब्द तिच्या कानापर्यंत पोचायचा, पण उंबरा ओलांडून आत जायचा नाही.

"नको म्हणतंय ते पावणं," असं तिचं म्हणणं. "आणि पावण्याला काय कळतंय त्येच्या पोटातलं? ते मला कळतंय."

मंगळवार पेठेत आमच्या घरासमोर तिची खानावळ होती. गुडघे दुखायला लागल्यावर तिने ती बंद केली. बंद केली म्हणजे दारावरची पाटी काढली. माणसं येतच राहिली. म्हादू पैलवान यायचा; कुस्ती सोडून त्याला जमाना झाला होता, पण भुकेला ते कुणी कळवलेलं नव्हतं. कोपऱ्यावरचे दस्तगीरभाई टेलर यायचे. बायको माहेरी गेली की मी जायचो, आणि बायको घरी असली तरी काहीतरी निमित्त काढून जायचो. आक्का सगळ्यांना वाढायची आणि स्वतः शेवटी, स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या, काय उरलं असेल ते खायची. तिला ताटावर बसून जेवताना आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. विचारलं तर म्हणायची, "वाढणारणीनं बसायचं नसतंय. पंगत मोडत्या."

याच खानावळीत जेवणाऱ्या एका बँकेतल्या साहेबाची बदली झाली, ती थेट देशाच्या पार त्या टोकाला. त्याच्याकडे एक पक्षी होता. विमानातून न्यायची सोय होईना. जाताना तो पिंजरा घेऊन आला आणि म्हणाला, "आक्का, हा तुमच्याकडे सुखात राहील." करड्या अंगाचा, पिवळ्या तोंडाचा, दोन्ही गालांवर शेंदराचे टिळे लावल्यासारखे गोल ठिपके आणि डोक्यावर फेट्याच्या तुऱ्यासारखा तुरा. कॉकाटील म्हणतात त्या जातीचा. गल्लीने त्याच दिवशी त्याचं 'कॉकटेल' केलं. हौसाक्काला दोन्ही नावं पसंत पडली नाहीत. "आपल्या घरी आलंय न्हवं? मग ते पावणं," ती म्हणाली. झालं, त्याचं नाव पावणं पडलं.

आता कोल्हापुरात पावण्याचं काय करतात हे मी सांगायला नको.

सूर्यफुलाच्या बिया तर पिंजऱ्यातल्या वाटीत अखंड असायच्याच. त्याशिवाय येणाराजाणारा काही ना काही घेऊन यायचा. दस्तगीरभाई दुकानाकडे जाताना शेव घालायचे. म्हादू पैलवान काजू आणायचा, "खुराक पायजे," म्हणायचा, "नुसत्या दाण्यावर अंग कसं धरंल?" माझी बायको सुनंदा बिस्किटाचा तुकडा न्यायची. पावणं पिंजऱ्याच्या दारात बसून सगळ्यांचे नजराणे स्वीकारायचं. ते बोलायचं नाही, पण शिट्टी अशी वाजवायचं की विचारू नका. खानावळीत राहून ते कुकरची शिट्टी शिकलं होतं. आमच्या घरात तीन शिट्ट्या मोजून गॅस बंद केला जायचा, त्यातल्या दोन पावण्याच्या असायच्या. कच्चा भात मी संसारात बराच खाल्ला, पण तक्रार केली नाही. इतकी हुबेहूब नक्कल करणाऱ्या कलावंताचा मान ठेवावाच लागतो.

हळूहळू पावणं गोल झालं. मान आणि पोट यांच्यातली हद्द पुसली गेली. आधी ते खोलीभर एक फेरी मारून कपाटावर बसायचं. आता पिंजऱ्यातून पाटावर उडी मारली तरी शेपूट वरखाली करत धापा टाकायचं. चोच वाढून पोपटासारखी खाली वळली. आम्हाला हे सगळं दिसत होतं आणि आम्ही सगळे खूश होतो! म्हादूने एकदा बोटाने त्याची छाती चाचपली आणि वस्तादाच्या गांभीर्याने निकाल दिला, "छाती भरलीया, आक्का. मातीत उतरवाय हरकत न्हाय." आक्काने त्या आनंदात त्याला एक भाकरी जास्त वाढली.

मग एका दुपारी आक्का आमच्या दारात उभी राहिली. अनवाणी, हाताला पीठ तसंच. चुलीवर काही असताना ती घराबाहेर पडल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

"बाळासाब, गाडी काढ," ती म्हणाली. "पावणं जेवलं न्हाय."

ते आजारी आहे असं ती म्हणाली नाही. दांडीवरून खाली पडलंय, पिसं फुगवून डोळे मिटून कोपऱ्यात बसलंय, हे मला तिथे गेल्यावर दिसलं. तिच्या लेखी खरी बातमी एकच होती.

पक्ष्यांची डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई होती, मूळची हातकणंगल्याची. बारीक चणीची आणि आवाज मात्र बाजाराच्या दिवशी शोभेल असा. तिने पावण्याला टॉवेलात धरलं, उलटं केलं, पोटावरच्या पिसांवर हलकी फुंकर मारली आणि आत बघत विचारलं, "काय खातो हा?"

हौसाक्का सावरून बसली. शिकल्यासवरल्या माणसाने हा प्रश्न विचारावा म्हणून ती बहुतेक आयुष्यभर थांबली होती.

"सकाळी च्यात बुडवून बिस्कुट," तिने सुरुवात केली. "सूर्यफुलाच्या बिया काय, हायतच दिवसभर. मग भाजलेलं शेंगदाणं. दुपारी चपाती, तूप लावून. शेव दस्तगीरभाई घालतोय, काजू पैलवानाचं. आन् बुधवारी-आयतवारी पांढऱ्या रश्श्यातला भात."

डॉक्टरणीने मान वर केली. "पांढरा रस्सा?"

"तांबडा देत न्हाय," आक्का घाईने म्हणाली. "तिखट लागंल त्येला."

मी खिडकीबाहेर बघू लागलो. डॉक्टरणीने खुर्ची ओढली, आक्काच्या समोर बसली आणि पावण्याचं पोट तिला दाखवलं. कातडीखाली सगळं पिवळं दिसत होतं. "मावशी, ही सगळी चरबी. छाती भरली नाही, चरबी भरलीय. लिव्हर सुजलंय. चोच वाढलीय ती त्याच्यामुळंच, आणि धाप लागते तीही. माणसं उपाशी मरतात ते तुम्हाला माहीत आहे. हा खाऊन मराय लागलाय."

आक्काचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तिला कुणी चोर म्हटलं असतं तर तिने हसून सोडून दिलं असतं.

"माझ्या हातचं खाऊन आजपातूर कोण मेलं न्हाय," ती हळू आवाजात म्हणाली.

"अजून मेला नाही. म्हणूनच सांगतेय की."

मग डॉक्टरणीने नीट समजावून सांगितलं. बिया, शेंगदाणे, काजू हे सगळं तेल आहे. रानात हा पक्षी दिवसभर उडतो तेव्हा ते जिरतं, तुमच्या पिंजऱ्यात कुठं जिरणार? याच्यासाठी तयार खाण्याचे बारीक गोळे मिळतात, ते मुख्य. जोडीला शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर, वाफवलेला लाल भोपळा, गाजर, मोड आलेले मूग, चिमूटभर राळ्याचे दाणे. मीठ नाही, तेल नाही, तूप नाही, चहा तर नाहीच. आणि बिया हळूहळू कमी करायच्या, एकदम बंद करायच्या नाहीत. रोज सकाळी वजन करायचं. ग्रॅममध्ये.

"असलं जेवान कळंब्याच्या जेलात बी देत नसतील," बाहेर आल्यावर आक्का म्हणाली. पण तिने मनाशी ठरवलेलं होतं. माझ्या घरात आलेलं पावणं माझ्या घरात मरायचं नाही. तिची चाल बघूनच मला ते कळलं.

एकच घोटाळा झाला. डॉक्टरणीचं बाकी सगळं तिने ऐकलं, फक्त 'हळूहळू' ऐकलं नाही. त्यात तिचा फार दोष नाही. आमच्या गावात हा शब्द फक्त उसाच्या ट्रॉलीच्या मागे लिहिलेला असतो. आम्ही धरलं की धरतो आणि सोडलं की सोडतो. घरी पोचल्या पोचल्या आक्काने सूर्यफुलाचा डबा गच्चीवर नेऊन चिमण्या-कबुतरांपुढे पालथा केला. मग खानावळीच्या पायरीवर उभी राहून तिने गल्लीला हाक घातली.

"ऐका रं सगळे! आजपासनं पावण्याला कुणी कायबी घालायचं न्हाय! घालताना कोण गावला, तर त्येचं बी जेवान बंद!"

म्हादू पैलवानाने खिशातला काजू तिथल्या तिथे स्वतःच्या तोंडात टाकला. पुरावा नष्ट.

पिंजऱ्यात नवं ताट लागलं: गोळे, मेथी, भोपळा, मूग. पावण्याने ते एका डोळ्याने बघितलं. मान वळवून दुसऱ्या डोळ्याने बघितलं. मग भोपळ्याची एक फोड उचलून भिंतीवर भिरकावली आणि आमच्याकडे पाठ करून बसलं. दुसऱ्या दिवशीही तेच. शिट्टी बंद झाली. आमच्याकडे भात व्यवस्थित शिजू लागला आणि कुणाला तो गोड लागेना.

वजनाचीही कथा सांगितली पाहिजे. ग्रॅमात वजन करायचं म्हटल्यावर आक्काच्या डोळ्यांसमोर एकच काटा आला. ग्रॅमात मोजतात ते सोनं. तेव्हा ती पदराखाली पिंजरा घेऊन सरळ गुजरीत गेली, मला बरोबर घेऊन. तिच्या खानावळीत जेवलेला एक जण तिथे सराफी पेढीवर होता. पण त्या वेळी गल्ल्याजवळ दुसराच कुणी तरुण विक्रेता उभा होता. म्हाताऱ्या बाईने पदराखालून काहीतरी जपून काढलेलं पाहिलं आणि त्याने सवयीने, आदबीने विचारलं, "मोडायचंय का, मावशी?"

"तुझं तंगडं मोडीन," आक्का म्हणाली. "वजन कर."

पावणं सोन्याच्या काट्यावर बसलं. बांगड्या बघायला आलेल्या दोन बायका बांगड्या सोडून बघत राहिल्या. आकडा दवाखान्यात भरलेल्या वजनापेक्षा बराच खाली होता. आक्काला वाटलं पथ्य लागू पडलं. मला मात्र पावणं कसंतरीच दिसलं; तुरा पडलेला, डोळे अर्धे मिटलेले. मी तिथूनच डॉक्टरणीला फोन लावला.

"बिया किती कमी केल्यात?" तिने विचारलं.

"कमी कशाला? सगळ्याच बंद केल्या," आक्का फोनमध्ये ओरडून, अभिमानाने म्हणाली.

पलीकडून जो आवाज आला तो गुजरीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला असावा. "एकदम? मावशी, मी काय म्हटलं होतं? आत्ताच्या आत्ता घेऊन या!"

त्या दिवशी पावणं दवाखान्यातच राहिलं. डॉक्टरणीने नळीने त्याला पातळ खाणं भरवलं. संध्याकाळी त्याला परत देताना तिने आक्काला समोर बसवलं. या वेळी आवाज चढवला नाही. "याला ते अन्न आहे हेच कळत नाही, मावशी. तुमच्यापुढं उद्या कुणी लाकडाचा भुसा ठेवला आणि म्हणालं जेवा, तर तुम्ही जेवाल? तसं आहे हे. अजून एक-दोन दिवस असं गेलं असतं तर हातात काही राहिलं नसतं. आता बिया थोड्या द्या, रोज आणखी थोड्या कमी. आणि एक करा. हे पक्षी थव्यानं खातात. आपलं माणूस समोर चवीनं खाताना दिसलं, की ह्यांना वाटतं, अरे, हे खायचं असतंय. तुम्ही याच्यासमोर बसून तेच खा."

"म्हंजे पंगत," आक्का म्हणाली.

"हो. पंगतच."

त्या दवाखान्यात पहिल्यांदाच आक्काला कळणारी भाषा कुणीतरी बोललं होतं.

पण पंगतीआधी दस्तगीरभाईंचं प्रकरण झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे दुकानाकडे निघाले आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच साळसूदपणे पिंजऱ्यापाशी रेंगाळले. आक्का दारातून बघत होती.

"दस्तगीरभाई, खिशात काय हाय?"

"काय न्हाय, आक्का. टेप हाय."

"टेपला शेवंचा वास कवापासनं याय लागला?"

दस्तगीरभाईंनी पुडी काढून तिच्या हातात दिली. एवढा मोठा माणूस, आम्हा सगळ्यांची लग्नाची कापडं शिवलेला, पार रडवेला झाला होता. "आक्का, ते माझ्याकडं बघतंय ओ. रोजचं येणंजाणं. मोकळ्या हातानं त्येच्या म्होरनं कसा जाऊ मी?"

मला वाटलं, आता यांचं जेवण बंद. पण आक्का पायरीवर बसली आणि पुडी मांडीवर ठेवून म्हणाली, "मला काय दगडाचं काळीज हाय व्हय? रातभर त्येच्या म्होरं बसलेली मी. उभ्या जन्मात कुणाची वाटी रिकामी बघून गप बसले न्हाय. वाढणं लई सोपं असतंय, दस्तगीरभाई. नुसतं बघत बसणं अवघड." मग तिने सरकून जागा केली. "बसा. तुमी बी बघा जरा."

दोघं बराच वेळ पिंजऱ्यासमोर बसून राहिली. दस्तगीरभाईंच्या दुकानाचं शटर त्या दिवशी उशिरा उघडलं.

पंगत त्याच दुपारी झाली. खानावळीच्या मधल्या खोलीत पाट मांडले. मधोमध पिंजरा, दार उघडं. पंगतीला म्हादू पैलवान, दस्तगीरभाई, सुनंदा आणि मी. ताटात वाफवलेल्या लाल भोपळ्याच्या फोडी, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, मोड आलेले मूग. मिठाचा कण नाही. कोल्हापुरात इतकं निष्पाप जेवण त्याआधी कुणी वाढलं असेल असं मला वाटत नाही. आक्काने पळी उगारून नियम सांगितला, "कौतुक करत खायाचं. जो तोंड वाकडं करंल, त्येला उद्या बी ह्येच."

आम्ही खायला लागलो, आणि काय सांगू तुम्हाला! रंगभूमीवर मी हौशी नाटकांतून राजे केले, खलनायक केले, एकदा प्रेतही केलं. पण शेवग्याच्या पाल्याचा आनंद चेहऱ्यावर आणणं ही सगळ्यांत कठीण भूमिका. दस्तगीरभाई कव्वालीच्या बैठकीत बसल्यासारखे प्रत्येक घासाला "वा! क्या बात हाय!" म्हणत होते. म्हादू पैलवानाने पहिली फोड तोंडात घातली आणि त्याचे डोळे भरून आले. "लई भारी," तो म्हणाला, शोकसभेत बोलतात त्या आवाजात. सुनंदाने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते.

"नाद खुळा!" मी ओरडलो. "आक्का, आणखी मूग!"

पावणं दांडीवर बसून होतं. त्याने तुरा थोडा उचलला, आमच्यावरून नजर फिरवली आणि पुन्हा तुरा पाडला. आमची नाटक कंपनी त्याला पटलेली दिसत नव्हती. ते सारखं एकाच दिशेला बघत होतं, स्वयंपाकघराच्या दाराकडे. तिथे आक्का उभी होती, पळी घेऊन.

"आक्का," सुनंदा म्हणाली, "त्याला आमचं काय कौतुक? त्याचं माणूस तुम्ही. तुम्ही बसा."

"मी? पंगतीत?"

"डॉक्टरीण काय म्हणाली? आपलं माणूस."

आक्काने पळीकडे बघितलं. मग आमच्याकडे. नव्या नवरीला मांडवात बसवतात तशी ती अवघडून, गुडघा धरत पाटावर बसली. सुनंदाने तिला ताट वाढलं. आक्काने भोपळ्याची फोड तोंडात घातली, चावली, दुसरी घातली. मग मूग. मग पाला. ती कौतुक करायला विसरली, आमच्याकडे बघायला विसरली, भराभर खात सुटली. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. ही बाई दोन दिवस धड जेवलेलीच नव्हती. पावणं जेवल्याशिवाय यजमानणीने जेवायचं नाही, ही तिची रीत. आणि ते अर्धपोटी होतं, म्हणून हिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आणि आमच्यापैकी एकालाही ते कळलं नव्हतं, कारण ती आम्हाला वाढत होती.

पावण्याचा तुरा उभा राहिला. ते पिंजऱ्याच्या दारात आलं. तिथून धप्पकन पाटावर उतरलं आणि एकेक पाऊल तिरकं टाकत, आमची ताटं ओलांडून, सरळ आक्काच्या ताटापाशी गेलं. म्हादूच्या तोंडात घास होता, त्याने तो चावला नाही, गिळलाही नाही. पावण्याने मान तिरकी करून आक्काच्या हलणाऱ्या जबड्याकडे बघितलं. मग तिच्या ताटाच्या काठावरचा एक मूग उचलला. चोचीत फिरवला. सोलला. खाल्ला. आणि दुसरा उचलला.

आक्काचा हात आपोआप मुगाच्या भांड्याकडे गेला. मूठ भरली, वर आली, पावण्याच्या डोक्यावर येऊन थांबली. आम्ही सगळे त्या मुठीकडे बघत होतो. मग आक्काने ती सावकाश परत भांड्यात सोडली.

"घेऊ दे त्येचं त्येला," ती म्हणाली. आणि डोळे पुसायला पदर सापडेना म्हणून तिने माझा रुमाल ओढून घेतला.

म्हादू पैलवानाने घास गिळला आणि अशी आरोळी ठोकली की पावणं उडून कपाटावर जाऊन बसलं. कपाटावर! किती तरी महिन्यांनी. त्याच्या धापा आम्हाला खालून ऐकू येत होत्या, पण ते उडालं होतं.

पुढे पंगत रोज बसायची, आळीपाळीने. बिया कमी कमी होत गेल्या. गोळे पावण्याने सगळ्यांत शेवटी पत्करले, तेही आक्काने ते त्याच्यासमोर कुडुमकुडुम चावून खाल्ल्यावर. "कसे लागतात, आक्का?" मी विचारलं. "तुझ्या बायकोच्या चकल्यापेक्षा बरं हायत," ती म्हणाली, सुनंदाच्या देखत. डॉक्टरणीने चोच घासून नीट केली. पिसांवर तकाकी आली. गुजरीतल्या त्या पेढीवर रोज वजन व्हायचं, कधी कमी, कधी जैसे थे, आणि आकडा कळला की अख्खी पेढी टाळ्या वाजवायची. सराफी दुकानात दुसऱ्या कशाचं वजन उतरल्याचा आनंद झाल्याचं कुणी ऐकलेलं नाही. म्हादू पैलवानाचा पट्टाही एक भोक आत गेला. तो ते कुणाला सांगत नाही, पण सदरा खोचून फिरतो.

गुडघ्यांनी शेवटी आक्काचं ऐकलं नाही. नेसरीला तिची लेक असते. ती येऊन हट्टाने घेऊन गेली. जीपमध्ये पुढच्या सीटवर आक्का बसली, मांडीवर पिंजरा. गल्लीतल्या प्रत्येकाने वाटेसाठी काहीतरी आणलं होतं: कोथिंबिरीची जुडी, सोललेलं गाजर, दस्तगीरभाईंनी तर शेवग्याचा अख्खा डहाळा. जीप भाजीच्या बाजाराला निघाल्यासारखी दिसत होती. आक्का रडली नाही. ड्रायव्हरला म्हणाली, "हळूहळू चल रं. घाई न्हाय."

आता तिचे फोन येतात. पावणं तिथे लेकीच्या घराच्या पुढच्या सोप्यात मोकळं फिरतं, परसात तिने त्याच्यासाठी मेथीचा वाफा केलाय. बाकी सगळं जग फोनवर विचारतं, जेवलास का. हौसाक्का विचारते, "काय जेवलास?" आणि उत्तर मिळेपर्यंत थांबते.

परवा तिचा फोन आला तेव्हा मी मिसळीच्या दुकानात होतो. समोर तिखट कटाच्या तर्रीने लालभडक झालेलं ताट.

"बाळासाब, काय जेवलास?"

"मेथीची भाजी आणि भाकरी," मी म्हणालो, आवाज होईल तितका हिरवा ठेवून.



"बरं बरं," ती म्हणाली. "कट दुसऱ्यांदा मागू नगंस."